पऱ्हाटीला भाव आला, उपटणाऱ्या हाताचं काय?

कापसाची शेवटची वेचणी झाली की खानदेशात एक काम उरतं, ज्याची नोंद कुठल्याच मजुरीच्या हिशोबात नसते. ते म्हणजे पऱ्हाटी उपटणं. जानेवारीत धुळ्याहून पारोळ्याकडे किंवा पाचोऱ्याहून जामनेरकडे जा, शेतात ओळीनं वाकलेल्या बाया दिसतील. लोखंडी चिमट्यात बुंधा धरायचा, कमरेचा जोर लावून मुळासकट उपसायचा, बाजूला टाकायचा आणि पुढच्या झाडाला हात घालायचा. दुपारपर्यंत तळहाताला फोड येतात. संध्याकाळी भारा डोक्यावर. गावाबाहेरच्या वस्तीत घरामागं तो रचून ठेवायचा, म्हणजे पावसाळ्यापर्यंत चूल पेटते.

या कामाची मजुरी किती? बहुतेक ठिकाणी शून्य. व्यवहार असा आहे: "उपटा आणि घेऊन जा." शेतमालकाचं रान फुकटात मोकळं होतं, मजूर बाईला सरपण मिळतं. दोघांचंही भागलं, असं गाव म्हणतं. आम्ही लहानपणापासून हेच पाहत आलो. आमच्या आया-मावश्यांनी हेच केलं, आणि आम्हीही शाळेतून आल्यावर त्यांच्या मागं भारे ओढले.

गेल्या काही हंगामांत यात बदल दिसतो आहे. काही गावांत आता शेतात बाया येण्याआधी यंत्र येतं. ट्रॅक्टरला जोडलेलं श्रेडर पऱ्हाटीचा भुगा करतं, कधी तो जमिनीतच जातो, कधी ट्रॉलीत भरून जातो. जो भुगा जातो त्याच्या कारखान्यात दाबून कांड्या होतात. व्यापारी त्याला पांढरा कोळसा म्हणतात. तो बॉयलरमध्ये जळतो, भट्टीत जळतो आणि सरकारचं धोरण खरं झालं तर औष्णिक वीज केंद्रातही जळेल. जी काडी काल "घेऊन जा" होती, तिला आज वजनकाटा लागला. यंदा एका वस्तीत आम्ही बसलो होतो तेव्हा एका मावशीनं अहिराणीत सगळं अर्थशास्त्र दोन वाक्यांत सांगितलं: "काड्या बी गयात, हंडी बी परवडत नही. आते आम्ही काय करो, भाऊ?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट साफ करू. आम्ही जुन्या व्यवहारासाठी रडत नाही. "उपटा आणि घेऊन जा" ही काही गावाची दयाबुद्धी नव्हती, ती वेठ होती. दिवसभराच्या कष्टाचा मोबदला पैशात द्यायचा नाही, आपल्याला नको असलेली वस्तू द्यायची आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. महारकीच्या कामांची यादी आठवा. चावडी झाडणं, सांगावा पोचवणं, मेलेलं जनावर ओढणं, आणि सरकारी अंमलदार गावात मुक्कामाला आला की त्याच्या चुलीसाठी सरपण आणून टाकणं. मोबदला काय, तर बलुतं, शिळं अन्न, मढ्यावरचं कापड. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच साठी. काम ठरलेलं असेल तर मोबदलाही ठरलेला आणि रोख असला पाहिजे, हा त्यातला गाभा. कनिष्ठ गावकी वतनं कायद्यानं संपायला १९५८ उजाडलं. पण शेताच्या बांधावर ती वेठ "सरपण घेऊन जा" या रूपानं शिल्लक राहिली. कागदावर वतन नाही, वाकलेली कंबर तीच.

तेव्हा यंत्र आलं याचं आम्हाला दुःख नाही. फोड आलेल्या तळहाताची कुणी गौरवगाथा गाऊ नये. आमचा आक्षेप वेगळा आहे. पऱ्हाटी फुकट होती तोवर कष्ट आमचे. तिला भाव आला तेव्हा पैसा दुसऱ्याचा. या दोन्हींच्या मध्ये एकदाही कुणी आम्हाला विचारलं नाही.

आता थोडा हिशोब करू, कारण आपल्या चळवळीत भावनेचा सुकाळ आणि हिशोबाचा दुष्काळ आहे. एक हेक्टर कापसामागे साधारण दोन ते तीन टन काड्या निघतात. वाळलेल्या काडीची उष्णता किलोमागे चार हजार किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे हलक्या प्रतीच्या दगडी कोळशाच्या जवळ जाणारी. पाच-सहा माणसांच्या घराला स्वयंपाक आणि अंघोळीचं पाणी धरून रोज चार-पाच किलो सरपण लागतं. वर्षाचं झालं दीड ते पावणेदोन टन. म्हणजे एका हेक्टरची पऱ्हाटी हे जवळजवळ एका भूमिहीन घराचं वर्षाचं सरपण आहे. ज्याला शेत आहे त्याला ही काडी म्हणजे अडचण. ज्याला शेत नाही त्याची ती चूल.

आता दुसरी बाजू. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये धोरण काढलं की औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवइंधनाच्या कांड्या मिसळाव्यात. २०२२ च्या अर्थसंकल्पी भाषणात हे प्रमाण पाच ते सात टक्के सांगितलं गेलं. त्यासाठी 'समर्थ' नावाचं राष्ट्रीय मिशन आहे. आपल्या जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरला महानिर्मितीचे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, शिवाय ६६० चा नवा. पाचशेचा एक संच पूर्ण चालला तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो. त्याचे पाच टक्के म्हणजे साडेतीनशे ते चारशे टन कांड्या. दीडशे-दोनशे हेक्टरची पऱ्हाटी, एका दिवसात, एका संचात. आमच्या हिशोबानं दोनशे भूमिहीन घरांचं वर्षभराचं सरपण एका दिवसात त्या भट्टीत जाऊ शकतं. धोरण कागदावर शंभर टक्के उतरेल असं आम्ही म्हणत नाही, सरकारी धोरणं कशी उतरतात ते आपल्याला माहीत आहे. पण हा कागद लिहिताना ज्यांनी हेक्टर मोजले, टन मोजले, किलोकॅलरी मोजल्या, त्यांनी चुली मोजल्या नाहीत. त्यांच्या भाषेत ही पऱ्हाटी "कृषी कचरा" आहे. "वाया जाणारा माल" आहे. वाया कुणाचा जात होता? जी वस्तू दलित-आदिवासी बाईच्या घरात पोचते ती या देशाच्या आकडेवारीत वाया गेलेलीच धरतात.

आणि ही कल्पना आली कुठून? दिल्लीच्या धुरातून. पंजाब-हरियाणात भाताचं काड जळतं, धूर दिल्लीत जातो, न्यायालयं हलतात, आयोग बसतात, मंत्रालयं धोरणं काढतात. रास्त आहे, धूर वाईटच. मग आमच्या वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीतला धूर कुठल्या आयोगापुढं जातो? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या चुलीच्या धुरामुळं २०२० या एका वर्षात जगभर ३२ लाख माणसं वेळेआधी मेली. न्यूमोनियानं जाणारी लेकरं त्यात आहेत, दम्यासारखा श्वास लागून खंगणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. मोतीबिंदूचाही धुराशी संबंध आहे. साध्या तीन दगडांच्या चुलीत सरपणातली जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकी हवेत. म्हणजे बाई दहा काड्या डोक्यावर आणते, एक काडी भाकरी भाजते आणि नऊ काड्या तिची छाती भाजतात.

"पण मोदी सरकारनं गॅस दिला ना?" हा प्रश्न येणारच. दिला. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, आणि आमच्याही वस्त्यांत शेगड्या आल्या हे आम्ही नाकारत नाही. पण शेगडी आणि गॅस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात दाखवून दिलं की उज्ज्वलाची घरं सरासरी वर्षाला ३.२१ हंड्या भरून घेत होती. पूर्ण स्वयंपाक गॅसवर करायचा तर महिन्या-सव्वा महिन्याला एक हंडी लागते. म्हणजे चार महिने गॅस, आठ महिने धूर. पुढं केंद्रानं हंडीमागे आधी दोनशे, मग तीनशे रुपये सवलत दिली. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन हंड्या मोफत केल्या. बरं झालं. पण तीनच का? कारण सरकारनंही मनोमन धरून ठेवलं आहे की उरलेले महिने ही बाई काड्या गोळा करेल. गॅसची योजना उभी आहे ती पऱ्हाटीच्या भरवशावर, आणि पऱ्हाटीचं धोरण उभं आहे गॅसच्या भरवशावर. गॅसवाले म्हणतात सरपण आहेच, कांडीवाले म्हणतात गॅस आहेच. दोन खात्यांच्या मध्ये जी मोकळी जागा आहे तिथं आमची चूल आहे.

मग सरपण दुसरीकडून आणा, असं कुणी म्हणेल. कुठून? रावेर-यावल पट्ट्यात चला. केळीनं जळगाव जिल्हा श्रीमंत केला, देशभर नाव केलं. पण केळीच्या खांबात नव्वद टक्के पाणी असतं, तो जळत नाही. जिल्ह्यातल्या सगळ्यात श्रीमंत पिकाच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या बाईला त्या बागेतून चुलीसाठी एक ढलपी मिळत नाही. ती तापीकाठची वेडी बाभूळ तोडते, काट्यांनी हात फाडून घेते, नाहीतर सातपुड्याकडं जाते. सातपुड्यात पावरा, भिल्ल, तडवी बांधवांचीच मोळी वनखातं अडवत आलं. वनहक्क कायदा २००६ ने निदान कागदावर लिहिलं की झुडपांचं सरपण, खुंट हे गौण वनोपज आहे आणि त्यावर वनात राहणाऱ्यांचा हक्क आहे. तो हक्क मिळवायलाही लाँग मार्च काढावे लागले. पण गावाच्या शिवारात राहणाऱ्या भूमिहीन बौद्ध, मातंग, चर्मकार बाईसाठी असा एका ओळीचाही कायदा नाही. जंगलातल्या काडीवर हक्क सांगता येतो. शेतातल्या काडीवर फक्त मेहेरबानी.

आणि गायरान? इथं थोडं थांबायला हवं, कारण इंधनाचा प्रश्न फिरून फिरून जमिनीवरच येतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तो मराठवाड्यात आणि आपल्या खानदेशात. आपल्या आज्या-पणज्यांनी कडेवर लेकरं घेऊन तुरुंग भरले. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला. त्या लढ्यांच्या जोरावरच पुढं २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला, ज्यानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. किती झाली ते तुमच्या तालुक्यात विचारा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला, २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव नोटिसा निघाल्या. दलित कसतो तेव्हा गायरान म्हणजे पवित्र सार्वजनिक मालमत्ता. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीसाठी हवं असलं की तेच गायरान नाममात्र एक रुपया भाड्यानं मिळतं. सौर ऊर्जेला आमचा विरोध नाही, सूर्य काही सवर्णांचा नाही. पण गायरानावर जी बाभूळ होती, जे शेण पडायचं, जी धसकटं मिळायची, ती कुंपणाआड गेली, आणि त्या कुंपणातली वीज आमच्या चुलीत येत नाही. धुळे जिल्ह्याला हे नवीन नाही. विखरणच्या धर्मा पाटलांनी वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून घालून जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. सातबारा असलेल्या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याची ही गत. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याच्या काडीचा मोबदला कोण आणि कुठल्या टेबलावर देणार?

ग्रामीण जैवइंधनाचं गुणगान करणारे दोन प्रकारचे लोक आम्हाला भेटतात. एक कारखानदार, त्याचं गणित निदान उघड असतं. दुसरे खेड्याचे भक्त. गावातलं गावातच जळेल, गाव स्वयंपूर्ण होईल, गाय, शेण, गोवरी, निसर्गाचं चक्र वगैरे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी या खेड्याच्या भक्तीचा बुरखा फाडला, तो पुन्हा वाचायची वेळ आली आहे. स्वयंपूर्ण खेडं म्हणजे कुणाच्या पोटावर स्वयंपूर्ण? शेणात हात घालून गोवऱ्या थापणाऱ्या बाईला जन्मभर नाक मुरडलं, आणि आता त्याच गोवऱ्या रंगीत पाकिटात घालून होमहवनासाठी ऑनलाइन विकल्या जातात. गोवरी तीच. हात बदलले की ती पवित्र झाली!

तिसरा एक प्रकार नवा आहे, कार्बनवाला. सुधारित चूल फुकट वाटायची, बाईचा आधार क्रमांक आणि अंगठा घ्यायचा, फोटो काढायचा. तिनं वाचवलेल्या धुराचं श्रेय म्हणजे कार्बन क्रेडिट, आणि ते परदेशातल्या कंपनीला विकायचं. सुधारित चूल चांगलीच गोष्ट आहे, सरपण कमी लागतं, धूर कमी होतो. पण २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेच्या संशोधकांनी तपासलं तर अशा चूल प्रकल्पांनी प्रत्यक्षापेक्षा नऊ-दहा पट जास्त क्रेडिट दाखवल्याचं निघालं. अंगठा आमचा, धूर आमचा, श्रेय मात्र बाजारात. तुमच्या वस्तीत कुणी चूल वाटायला आलं तर चूल जरूर घ्या. पण अंगठा देण्याआधी कागद वाचा, मराठीत मागा, आणि विकलेल्या श्रेयातला वाटा किती ते विचारा.

आता आपल्या घरातली गोष्ट. दरवर्षी ३१ जुलैला आम्ही लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ साली बाबासाहेब धुळ्यात आले, तिथं थांबले, म्हणून खानदेशातली आंबेडकरी जनता त्या टेकडीवर जमते. पाऊस असतो, चिखल असतो, पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतं, भाषणं. तिथून पायी उतरलं की दोन-चार किलोमीटरवर ज्या वस्त्या आहेत तिथं त्याच संध्याकाळी ओल्या काड्यांवर चूल फुंकणं चालू असतं. त्या धुरावर आमच्या एकाही भाषणात आजवर एक वाक्य आलं नाही. आमच्याही नाही. आम्ही पुतळ्याच्या जागेसाठी मोर्चा काढला, रिडल्सवर वाद घातले, विद्यापीठाच्या नावासाठी लाठ्या खाणाऱ्यांचे वारसदार म्हणून मिरवलो. ते सगळं योग्यच होतं. पण सरपण हा बायकांचा विषय म्हणून आमच्या अजेंड्यावर कधी आलाच नाही.

चळवळीतला एक हुशार मित्र म्हणाला, "बाबासाहेबांनी खेडं सोडा सांगितलं, आणि तुम्ही पऱ्हाटीचं काय घेऊन बसलात?" मित्रा, ज्यांना सोडता आलं त्यांनी सोडलं. तू सोडलंस, आम्ही अर्धवट सोडलं. मागं कोण राहिलं? तुझी आत्या राहिली. बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हटलं म्हणून खेड्यात राहिलेल्यांना सोडून द्या असं त्यांनी म्हटलेलं नाही. आणि ऊर्जा हा त्यांचा विषय नव्हता असं ज्यांना वाटतं त्यांनी १९४२ ते १९४६ मधलं त्यांचं मजूर मंत्री म्हणून केलेलं काम काढून बघावं. वीज हे त्यांचंच खातं होतं. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी मुळात वीज हवी कशाला हा प्रश्नच विचारला होता. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत, आणि उद्योगांशिवाय या देशातल्या गरिबाची गरिबीच्या चक्रातून सुटका नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऊर्जा कुणासाठी, हा प्रश्न ८० वर्षांपूर्वी त्यांनी टेबलावर ठेवला. दीपनगरच्या चिमण्यांकडं बघताना आम्ही तो विसरलो.

शेतकरी मित्रांनाही एक शब्द. आम्हाला तुमच्याशी भांडण लावायचं नाही. कापूस पिकवणारा कोरडवाहू शेतकरी स्वतःच कर्जात आहे. गुलाबी बोंडअळीनं २०१७ मध्ये काय केलं ते आम्हीही पाहिलं, कारण बोंडं वेचायला आम्हीच होतो. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी लवकर काढा, बांधावर ढीग रचू नका, त्यात अळीचे कोष राहतात. शास्त्र बरोबर आहे. घरामागं पऱ्हाटी रचणाऱ्या आम्हालाही ते लागू होतं, हेही आम्ही कबूल करतो. पण म्हणूनच सांगतो, पऱ्हाटी वेळेत काढणं हे पिकाचं संरक्षण आहे, म्हणजे ते काम आहे, आणि कामाला रोज आहे. कांडीवाल्या व्यापाऱ्याकडून तुमच्याही हाती काय पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पैसा यंत्र, वाहतूक आणि कारखाना यांच्या मालकाकडं राहतो. ती मालकी ना तुमच्या वाडीत आहे ना आमच्या वाड्यात.

म्हणून आमची मागणी फुकटच्या काड्यांची नाही, मालकीची आहे. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती साडेसोळा टक्के आणि कसल्या जाणाऱ्या क्षेत्रात त्यांचा वाटा नऊ टक्क्यांच्या आत. जमिनीचं हे वाटप आहे तोवर कच्च्या मालाची मालकी आमच्याकडं येणार नाही. दादासाहेबांच्याच नावानं सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे, भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ पासून शंभर टक्के अनुदान. पण सरकारी भावात जमीन विकायला कोण तयार आहे? तो लढा चालूच राहील. पण यंत्राची मालकी त्यासाठी थांबायला नको. समाजकल्याण खातं अनुसूचित जातीच्या बचत गटांना नव्वद टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देतं. मग त्याच धर्तीवर श्रेडर आणि कांडी यंत्र का नाही? मिनी ट्रॅक्टर घेऊन बसलेले गट आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांतले बरेच ट्रॅक्टर वर्षातले कित्येक महिने उभे असतात. त्याला यंत्र जोडा. पऱ्हाटी काढायची मजुरी गट घेईल आणि भुगाही गट विकेल.

हे तंत्र अवघड आहे असं कुणी सांगू नये. पुण्याच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करायची साधी भट्टी शेतावर नेली, त्याला २००२ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, पऱ्हाटीपासून कांड्या आणि दाबलेले फळे करण्यावर तिनं वर्षानुवर्षं काम केलं. ज्ञान सरकारी पैशातून तयार झालं आहे, ते फक्त कारखानदाराच्या दारात का उतरतं?

आणि खरेदीचं काय? केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांनी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून करायची आहे. महानिर्मिती राज्याची कंपनी, तिला तो नियम आपोआप लागत नाही. मग राज्यानं लावावा. दीपनगरला एक टन जरी कांडी गेली तरी त्यातला ठरलेला हिस्सा भूमिहीन महिलांच्या गटाकडूनच गेला पाहिजे. आणि जोवर शेवटच्या वस्तीत वर्षाच्या बाराही महिन्यांचा गॅस परवडणाऱ्या दरात पोचत नाही, तोवर गावातली पऱ्हाटी गावाबाहेर जाण्याआधी गावातल्या चुलींचा वाटा बाजूला काढला जावा. धूर कमी करणाऱ्या चुलीसकट. हे शेवटचं आमच्यातल्या तरुणांना आवडणार नाही, त्यांना वाटेल आपण पुन्हा चुलीकडं चाललो. नाही. चूल जावी हेच आमचं म्हणणं आहे. पण ती हंडी आल्यावर जावी, काड्या संपल्या म्हणून नव्हे.

आता कामाचं बोलू. पऱ्हाटीचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. त्याच्या बरोबर मध्ये २६ जानेवारीची ग्रामसभा येते. झेंडावंदन झालं की जिलेबी खाऊन आपण घरी येतो आणि ग्रामसभेच्या रजिस्टरवर नंतर सह्या गोळा होतात, हे दोन्ही जिल्ह्यांत सारखंच आहे. यंदा थांबा. वस्तीतल्या बाया सोबत न्या, पाठीमागं नाही, पुढं बसवा. आठ दिवस आधी लेखी विषय द्या आणि पोच घ्या. विषय तीन ओळींचा असू दे: गावात यंदा कापसाखाली किती हेक्टर आहे आणि त्यातली पऱ्हाटी कोण, कुठं, कुठल्या भावानं नेतं याची नोंद ग्रामपंचायतीनं ठेवावी, पऱ्हाटी काढण्याच्या कामाला शेतमजुरीचा किमान दर लागू असल्याचं ग्रामसभेनं जाहीर करावं, अनुसूचित जातीच्या महिला बचत गटासाठी श्रेडर व कांडी यंत्राची मागणी सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडं ठरावानं जावी. ठराव नामंजूर झाला तरी तो इतिवृत्तात लिहून घ्या आणि प्रत मागा. दुसरीकडं दीपनगरच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडं माहिती अधिकाराचा अर्ज टाका: आजवर किती टन कांडी घेतली, कुणाकडून, कुठल्या दरानं, आणि पुरवठादारांत अनुसूचित जातीचे किती. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.

अर्जाचा नमुना ज्यांना हवा त्यांनी कळवा. बोदवड आणि शिंदखेडा या दोन तालुक्यांतून आम्ही सुरुवात करतो आहोत. आणि त्या मावशींना आम्ही सांगून आलो आहोत की २६ तारखेला सकाळी नऊला चावडीवर या, भारा घरी ठेवून या.